चार नंबरची खाच

नाई नाई, तो नका उचलू भाऊ — हे आठ चाकू पाहा, उघडा, बंद करा, फोटो काढा, पन तो चटईवरचा तिथीच राहू द्या. तुमी त्याच्याचसाठी नागपूरवरून आले, मालूम हाय मले. ग्रुपवर तुमीच लिहिलं होतं ना — मुखरूभाऊ, नऊ म्हनता अन् फोटोत आठच दिसून राह्यले, चार नंबर कुठी हाय? इथी हाय. दाखवतो ना, तुमाले दाखवाचं नाई तं कोनाले दाखवाचं — पन आधी माह्यं आयका. बारा वाजताची गाडी येईन राजुऱ्यावरून, तिच्यात माही पोरगी रीता हाय, जवाई हाय, अन् जवायाची आत्या हाय. त्याईनं यायच्या आत मले तुमच्याकडून एक काम करून पाहिजे. किती वाजले? सवाअकरा. हव, तं टाइम हाय. चहा घ्या. माह्या घरवालीनं, इंदिराबाईनं, कपावर बशी झाकून देल्ली तं हसू नका, गडचांदुरात चहावर बी सिमेंट बसते.

बत्तीस वर्सं फिटर होतो मी कारखान्यात. गिअरबॉक्स बसवाले एक बाहेरदेशचा इंजिनिअर आला होता, लाल नाकाचा, त्यानं जाताना मले पह्यला चाकू देल्ला. तीन इंची पातं, मूठ टायटेनियमची. हातात धरला तं वाटलं आतमंदी काहीच नाई, पोकळ हाय, एवढा हलका. चुंबक लावून पाह्यलं — पात्याले लागते, मुठीले लागत नाई. भट्टीजवळ दिवसभर खिशात ठेवा, घामानं गंजत नाई. अन् उघडला का पाठीवरची खिटी पात्याच्या खाचेत जाऊन बसते, मंग पातं आपोआप मिटत नाई — टक. तो आवाज! तुमाले काय सांगाचं, तुमी त्यातलेच. मंग कंपनीनं तो बनवनंच बंद केलं. कंपनी चालू हाय, चाकू बंद. अन् बंद झाला म्हटल्यावर माह्या जिवाले लागला पाहा — चालू होता तवा एकावर राजी होतो, बंद झाल्यावर अठरा वर्सं हिंडलो. एक विशाखापट्टणमच्या जहाजातल्या मानसाकडून आनला, एक राउरकेल्याच्या विधवेकडून, दोन भंगारात भेटले. जसे आले तसे नंबर देल्ले. इंदिराबाई म्हनते, तुमाले बंद पडलेल्याचीच लय माया, मले बी एखादी डाव बंद करा, मंग फडक्यात गुंडाळून पेटीत तरी ठेवसान. हसा हसा. हसाचीच गोठ होती तवा.

आता चार नंबर. वाका जरासे, इथूनच पाहा. पात्याच्या बुडाशी, मुठीच्या काठाले पिवळं दिसते का? गंज नोहे तो. हळद होय. डिझेलमंदी बुडवला, दात घासायच्या ब्रशनं घासला, सुई घालून खाच कोरली, आत आता कनभर बी राह्यली नाई, पन रंग तेवढा नाई गेला. तुमी म्हनसान टायटेनियमच्या चाकूले हळद कुठून लागली? लगनात लागली. रीताच्या लगनात.

वैशाखात झालं लगन, ह्याच अंगनात. जवायाचं नाव प्रफुल, मार्कंड्याच्या पलीकडं वैनगंगेच्या काठी गाव, ढिवराचा पोरगा. आमी बी ढिवरच, मी कारखान्यात आलो म्हनून माह्यं जाळं सुटलं. पन जाळं कसं फेकाचं ते मले समजते. प्रफुल डोंग्यात उभा राहून फेके तं पान्यावर असं गोल पडे, कुठी तिरपं नाई, कुठी गोळा नाई. म्हनूनच पोरगी देल्ली मी त्याले, नोकरी पाहून नाई देल्ली. तं आपल्याकडं रीत हाय ना, नवरदेवाले एकदा हळद लागली का ती उतरेपर्यंत त्याच्या हातातून लोखंड सुटाले नाई पाहिजे. कट्यार, अन् तिच्या टोकाले लिंबू. वरात निघाली, रस्त्यात मार्कंड्याले पाया पडाले उतरली, कट्यार देवळाच्या पायरीवर ठेवली अन् तिथीच राह्यली. मांडवात आल्यावर पाहते तं नवरदेवाचा हात खाली. त्याची आत्या, रुखमाबाई — त्याची माय लहानपनीच गेली, हिनंच त्याले पोसलं, त्या घरात हिच्या शब्दापुढं कोनी नाई — ती मांडवाच्या खांबाले टेकून बसूनच गेली. म्हने, हळदीचं लेकरू मी लोखंडाबिगर बोहल्यावर चढू देत नाई. इंदिराबाईनं भाजीचा चाकू आनला, तिनं त्याच्याकडं पाह्यलं बी नाई. अन् मले काय अवदसा आठवली — मी म्हनलं, थांबा, असा चाकू आनतो का तुमी जलमात पाह्यला नसन.

पेटी उघडली, हाताले आला तो घेतला. चार नंबर. रुखमाबाईनं मूठ दाबून पाह्यली, म्हने हे तं लोखंड नोहे. मी म्हनलं, मूठ नोहे, पातं होय. प्रफुलनं उघडला, टक वाजलं, वरातीतले पोट्टे ओरडले, अन् मी छाती काढून उभा, जसं काई तो चाकू मीच जलमाले घातला. दोन दिवस तो त्याच्या हातात उघडा. टोक वर, टोकाले लिंबू, लिंबाचा रस पात्यावरून घसरून खाली, हळदीचे हात — सारं त्या खाचेत. हळद उतरल्यावर जवाई म्हने, मामाजी, हा मी डोंग्यात ठेवीन, जाळ्याच्या कामी येईन. जवायाले देल्लेली वस्तू कोन वापस मांगते? मी हव म्हनलं.

जेठ सरता सरता त्याच्या गावच्या तलावाचं पानी उतरलं. जाळं खुंटाले अडकलं, दोरीले फास बसला. प्रफुलनं चाकू उघडला, पातं फासात घातलं, अन् मांगं ओढताना जोर पाठीवर आला. पातं मिटलं. चार बोटावर मिटलं भाऊ. शिवलं, शिरा जुळवल्या, डॉक्टरनं होईन तेवढं केलं, दोन बोटं वाचले. करंगळी अन् तिच्या बाजूचं मुडपत नाई. अन् जाळ्याची कड नेमकी त्याच दोन बोटात धरा लागते. आता तो फेकते तं जाळं गोळा होऊन धप्पकन पडते. फेकनं सोडलंच त्यानं, तलावाच्या पाळीवर बसून राखन करते. अन् तो मानूस मले फोनवर काय म्हनते? मामाजी, माहाच हात चुकला, तुमी मनाले लावून घेऊ नका. शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रीता आली, एकटीच. पिशवीतून चाकू काढला अन् माह्यासमोर खाली ठेवला. म्हने, "बाबा, तुमाले मालूम होतं का?" अन् मी — आता तुमच्यापुढं काय लपवाचं — मी तिच्याकडं नाई पाह्यलं. आधी चाकू उचलला अन् पात्याले चरा पडला का ते पाह्यलं. तिनं मले तसं पाहताना पाह्यलं. मंग खाच पाह्यली, पिवळी पिवळी, गच्च भरलेली, अन् तोंडातून निघून गेलं — हळद गेली बाई आतमंदी, म्हनून खिटी बसली नाई, हळदीनंच घात केला. एवढंच बोललो. मले वाटलं सुटलो. कोनाचाच दोष नाई, ना त्याचा, ना माहा. हळदीले कोन काय म्हनते?

म्हनते ना! तिच्या घरी म्हनते! पोरीनं भोळेपनानं जाऊन सांगतलं, बाबा म्हनते हळदीनं झालं. रुखमाबाई दोन दिवस जेवली नाई. लगनाच्या हळदीनं नवरदेवाचं रगत काढलं — तुमीच सांगा, याच्याहून वंगाळ काय असते? तिची बी काय चूक, तिनं त्या पोराचे बोटं लोंबताना पाह्यले. तवापासून रीताच्या हातचं पानी नाई पेत ती. गाव म्हनते पायगुन. शेजारच्या घरी डोहाळजेवन झालं, रीताले बलावलं नाई. प्रफुल भांडला आत्यासंग, पन किती भांडन? अन् रीतानं आमाले एक शब्द सांगतला नाई. दिवाळीत इंदिराबाईनं फोन केला तं इकडचं तिकडचं बोलता बोलता रडाले लागली, तवा समजलं. इंदिराबाईनं फोन ठेवला अन् मले म्हने, आता तरी तोंड उघडा. मी उघडलं. त्याच दिवशी रुखमाबाईले फोन करून सारं कबूल केलं. ती काय म्हने? "पोळ्याले हळद म्हनता, दिवाळीले कानस म्हनता. तुमी बाप हाय, पोरीसाठी बोलता. मी माह्या डोळ्यानं पाहीन."

कानस. हव. काऊन थांबले भाऊ? हव, तुमाले ते सांगतलंच नाई मी.

हाताले आला तो घेतला म्हनलं ना मघाशी? नाई. निवडून घेतला. पेटीत नऊ होते, एकेकावरून हात फिरला माहा — एक नंबर कसा देऊ, सात नंबर तं डब्यातून बी निघाला नाई कवा — अन् चार नंबरवर येऊन हात थांबला. कारन तो मीच बिघडवला होता. आला तवा उघडल्यावर पात्याची पाठ मुठीच्या पाठीहून केसभर वर राहे. केसभर! दुसऱ्या कोनाले दिसली बी नसती. पन फिटरचा डोळा, सहन होत नाई. बारीक कानस घेतली, खाचेत दोन घोटे मारले. फक्त दोन. पाठ बरोबरीत आली, देखना झाला, पन खिटी बसल्यावर जराशी हाले. अंगठ्याले समजे. तवापासून मी त्यानं सुपारी बी कापली नाई. ठेवून देल्ला. अन् तोच जवायाच्या हातात देल्ला, काऊन का चांगला देववला नाई. तोंड उघडलं होतं मी, खरं सांगतो, जवाईबापू, जरा जपून, असं म्हनासाठी तोंड उघडलं होतं — पन जपून म्हनलं असतं तं सारा मांडव समजला असता का सासऱ्यानं फुटका माल देल्ला. गिळून टाकलं.

तुमचा चेहरा उतरला पाहा. कानस मारली म्हनलं तवा उतरला, बोटाचं सांगतलं तवा नाई उतरला एवढा. राग नका मानू. मी बी तसाच होय, म्हनून मले दिसलं.

आता काम आयका. रुखमाबाई म्हने, चाकू धुवा, हळदीचा कन राह्यला नाई पाहिजे, मंग माह्यासमोर उघडून दाबा, पातं मिटते का पाहू. साफ करून बी सुटला तं दोष तुमचा, मी पोरीच्या पाया पडून तिले वापस नेईन. नाई सुटला तं हळद. मंग पोरगी तुमची तुमच्या घरी. पेटी संग आनून राह्यले ते रीताची. कपड्याची पेटी, तीच लगनातली, त्याच गाडीत हाय. समजून राह्यले ना तुमी? खिटीचं लॉक खराब निघालं पाहिजे मले. पोळ्याले मी देवाले म्हनत होतो का चांगलं निघू दे. आता म्हनतो खराब निघू दे, माह्यं तोंड काळं होऊ दे, सारा गाव मले थुको, पन तो चाकू सुटला पाहिजे. सुटनच ना. दोन घोटे मारले हायेत मी. माह्या हाताले मालूम हाय.

मंग मी काऊन दाबून नाई पाह्यला? पाह्यलं ना — म्हनजे बसलो. आठ दिवस झाले रोज बसतो. पाटावर ठेवतो, मूठ धरतो, अन् हात मांगं येते. मले भेव लागते भाऊ. सुटला तं प्रफुलचे बोटं मीच कापले हे पक्कं होते. नाई सुटला तं पोरगी गेली. दोन्हीकडून मीच. म्हनून तुमाले म्हनलं सकाळच्याच गाडीनं या. तुमी जानकार, तुमी बाहेरचे, तुमाले ना पोरगी ना जवाई. तुमी दाबा. सुटला का मंग इथीच थांबा, जेवन करा, अन् रुखमाबाई आली का तिच्यासमोर अजून एक डाव दाबा अन् सांगा, का ह्यात कानस चालली हाय, हा सासऱ्याचा दोष. तुमचं आयकन ती. त्याच्या बदल्यात हे आठही घेऊन जा. हव, आठही. सात नंबर बी, डब्यासगट. पैशाची गोठच नाई, माह्या घरातून जाऊ द्या.

हा घ्या पाट. थांबा, चाकू मी खाली ठेवतो, तुमी उचला, लोखंड हातातून हातात देत नाई. हां. उघडा. टक — आयकला? पात्याची पाठ पाटावर टेकवा. मूठ वरून धरा, बोटं बाजूले, बोटं पूर्न बाजूले घ्या भाऊ, माह्यानं अजून कोनाचे पाहवनार नाई. आता दाबा. हळूहळू.

हं.

अजून दाबा.

जोर लावा ना. अंगाचा भार टाका. उभे राहा, उभ्यानं दाबा — मानूस डोंग्यात उभा होता, त्याच्या अंगात जाळं ओढाची ताकद, तुमच्यावानी फोन धराचे हात नाई त्याचे. दाबा!

सोडा. परत उघडा. खिटी बसली? कशी बसली, पूर्न बसली? हालते का नाई अंगठ्याले? थोडीशी बी नाई? पाहा ना नीट. बरं, आता पाठ पाटावर आपटा. आपटा म्हनतो ना. अजून. अजून एक डाव.

नाई सुटत.

असं कसं होईन. दोन घोटे मारले हायेत. मी माह्या हातानं मारले, अजून त्या दिवशीचा आवाज मले आयकू येते. हाले ना तो. का नव्हता हालत? का मलेच वाटे, कानस मारल्याच्या भेवानं? द्या इकडं — नाई, खाली ठेवा. माह्याच हातानं दाबतो एक डाव.

...पक्का हाय.

म्हनजे हळदच होती. तोंडातून सुटलं होतं अन् तेच खरं होतं. अन् आता मी रुखमाबाईले काय सांगू? का खरंच हळदीनं कापलं, घ्या, पोरगी ठेवा अन् जा? तिले कोन समजावन का हळद म्हनजे निरा मसाला होय, खाचेत गेली का माती बी तेच करते, सिमेंट बी तेच करते? नाई समजनार ती. तुमी समजावसान? प्रफुलले पोळ्यापासून नाई जमलं.

किती वाजले? दहा कमी बारा. गाडी राजुऱ्याच्या पुढं निघाली असन.

भाऊ, तुमच्या मांगं खिडकीत बारीक कानस हाय, लाकडी मुठीची. ती द्या इकडं. असे पाहू नका माह्याकडं. मालूम हाय मले, असे चाकू जगात किती उरले ते मले तुमच्याहून जास्त मालूम हाय. खाचेत पाच-सहा घोटे लागन, मंग लहान लेकरानं दाबला तरी सुटन. खोटं? काऊन खोटं? चांगले आठ पेटीत ठेवून खराब समजून त्याच्या हातात देल्ला ना मी, ते तं खरं हाय. दोन घोटे मारले होते ते बी खरं. राह्यलेले आता मारतो. रीतानं विचारलं तं तिले सारंच सांगीन, हे आजचं बी सांगीन, पन तिच्या घरी. तिच्या सासरी जाऊन, तिच्या चुलीजवळ बसून सांगीन.

कानस बी हातात नका देऊ. खाली ठेवा. हां.

तुमाले थांबा म्हनलं होतं मी, जेवाले. आता नका थांबू. साक्षीदार नाई पाहिजे मले, तुमाले खोटं बोलता नाई यायचं, चेहरा उतरते तुमचा. ते आठ उचला, फडक्यासगट घ्या. मांगच्या दारानं जा, रोडवर ऑटो भेटन. अन् जाताना इंदिराबाईले सांगा का पाच जनाचा सैपाक कर अन् पानी भरून ठेव, रुखमाबाई कोनाच्या हातचं पेईन ते पाहू. जा भाऊ. दार लोटून घ्या, उजेड पुरते मले.